आषाढातले शंभर रुपये

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्यानं निघालं की वैशाखरे गाव लागतं आणि तिथून नाणेघाटाची पायवाट सुरू होते. वर खिंडीच्या तोंडाशी कातळात एक लेणं आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेला एक लांबलचक लेख आहे. सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून तो ओळखला जातो आणि त्याचा बराचसा भाग म्हणजे चक्क दानाचा हिशेब आहे. कुठल्या यज्ञात काय दिलं, तर १२ गायी आणि १ घोडा. पुढं १,७०० गायी आणि १० हत्ती. एका ठिकाणी २४,४०० कार्षापण. आपण चेकवर रक्कम अक्षरी आणि अंकी लिहितो, तसं कोरणाऱ्यानं बारा गायी अक्षरांत लिहून पुढं आकडाही टाकला आहे. भारतीय अंकांच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांमध्ये या लेखातले अंक मोजले जातात. आपण आज जे आकडे गिरवतो त्यांचे पूर्वज मुरबाडच्या डोक्यावर बसलेत, तेही दानाच्या वहीत!

किती दिलं याचा हिशेब दगडात राहिला. ज्याला मिळालं त्याच्या घरी पुढं काय झालं, याबद्दल लेख गप्प आहे. मला कुतूहल आहे ते या दुसऱ्या बाजूचं. घाटाच्या पायथ्याशी मुरबाड आणि शेजारी शहापूर, या दोन तालुक्यांच्या पाड्यांवर कितीतरी छोट्या-मोठ्या संस्था, संघटना, ट्रस्ट काम करत आले आहेत. त्यांच्याकडे हत्ती-घोडे नाहीत. त्यांच्या रकमा तर इतक्या किरकोळ, की शहरात तेवढ्यात एका कुटुंबाचं हॉटेलचं बिलही भागणार नाही. तरी त्यातून काही घरं खरोखर सावरतात. पैसा थोडा आणि फरक मोठा, हे जुळतं कसं?

ते समजून घ्यायला आधी एका कातकरी घराचं वर्ष बघावं लागतं.

शहापूर-मुरबाडमध्ये ठाकूर, महादेव कोळी, वारली आणि कातकरी अशी आदिवासींची वस्ती आहे. यातल्या कातकऱ्यांची गणना केंद्र सरकार विशेष दुर्बल आदिम जमातींत करतं. महाराष्ट्रात अशा तीनच जमाती आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. बहुतेक कातकऱ्यांकडे स्वतःची जमीन नाही. जून-जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी असते, तेव्हा दुसऱ्याच्या शेतावर चिखलात उभं राहून रोज मिळतो. आवणी उरकली की काम संपतं. भात अजून पोटरीत, जंगल ओलं, बांधकामं बंद. श्रावण-भाद्रपद हे दोन महिने घरात काही येत नाही, आणि नेमके त्याच महिन्यांत ताप, जुलाब, गळकं छप्पर, शाळेचा खर्च आणि सणवार दाराशी येतात. अशा वेळी गावात वीटभट्टीच्या शेठचा माणूस येतो आणि उचल देतो. कागद मागत नाही, जामीन मागत नाही. रात्री मागितली तर रात्री देतो. दिवाळी झाली की त्या उचलीच्या बदल्यात नवरा-बायको, बरोबर पोरं, कधी म्हातारी माणसंही भिवंडी, कल्याण, पनवेलकडच्या भट्ट्यांवर जातात. तिथं दर आठवड्याला खर्ची मिळते. हजार विटांमागे मजुरी ठरलेली असते, पण हिशेब होतो पावसाच्या तोंडावर. उचल आणि खर्ची वजा जाऊन हातात काही उरलं तर उरलं, नाही तर बाकी पुढच्या वर्षावर.

आता यातली गंमत बघा, गंमत म्हणायला जीभ रेटत नाही तरी. हे घर वर्षभरात अगदीच काही कमवत नाही असं नाही. पौष-माघात ते राबराब राबतं. फक्त पैसा लागतो भाद्रपदात आणि श्रम विकले जातात माघात, आणि मधल्या चार-पाच महिन्यांचं अंतर दुसऱ्याच्या ताब्यात आहे. ते अंतर ज्याच्या हाती, त्याच्या हाती दर ठरवण्याची ताकद. आषाढ-श्रावणात गाठीला शंभर रुपये असणं आणि माघात असणं या दोन वेगळ्या संपत्ती आहेत.

जगभरच्या अभ्यासकांनाही हे फार उशिरा उमगलं. बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अडीचशेहून अधिक गरीब कुटुंबांच्या पैशाच्या रोजनिश्या वर्षभर दर पंधरवड्याला लिहून घेतल्या गेल्या. त्यावर डॅरिल कॉलिन्स, जोनाथन मॉर्डक, स्टुअर्ट रदरफोर्ड आणि ऑर्लँडा रुथवेन यांचं पुस्तक २००९ मध्ये आलं. त्यांना दिसलं की एकही घर पैशाच्या चारपेक्षा कमी प्रकारच्या व्यवहारांवर चालत नव्हतं. उसनवारी, भिशी, दुकानदाराची उधारी, शेजारणीकडे ठेवायला दिलेले पैसे. हातावर पोट असलेल्या माणसाला पैशाचं व्यवस्थापन कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी ते वाचावं. पगारदार माणूस महिन्यात जेवढे निर्णय घेत नसेल तेवढे ही माणसं आठवड्यात घेतात. आणि त्याची किंमत डोक्यालाही मोजावी लागते. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी ऊस तुटण्याआधी आणि उसाचे पैसे आल्यानंतर अशी दोनदा घेतली होती. पैशाची ओढाताण असताना तीच माणसं चाचणीत मागे पडली, पैसे आल्यावर पुढे गेली. माणूस तोच, डोकं तेच, फक्त महिना वेगळा.

हे एकदा ध्यानात आलं की संस्थांच्या वरवर विस्कळीत वाटणाऱ्या कामांत एक धागा दिसायला लागतो. बचत गट, धान्य बँक, गुळवेल, जातीचा दाखला, वेठबिगारीचा कायदा यांचा एकमेकांशी काय संबंध? प्रत्येक जण आपापल्या परीनं पैशाचा महिना बदलायला बघतोय.

बचत गटाचं घ्या. समजा पाड्यावरच्या १२ बायका महिन्याला शंभर-शंभर रुपये टाकतात. पहिल्या बैठकीत १,२०० जमले. यात चमत्कार काहीच नाही. पण सहाव्या बैठकीपर्यंत ७,२०० होतात आणि त्यातले ३,००० एकीला मुलाच्या दवाखान्यासाठी दिले जातात, महिना शेकडा दोननं. चार महिन्यांत फेडले तर व्याज २४० रुपये. सावकाराकडून शेकडा दहानं घेतले असते तर १,२००. इथवर साधं गणित झालं. पुढचं मला खरं अचंब्याचं वाटतं. ते २४० रुपये बाहेर जात नाहीत, त्याच बारा जणींच्या पेटीत पडतात. आणि ३,००० परत आले की दुसरीच्या छपराला, मग तिसरीच्या शेळीला. तेच शंभर रुपये वर्षात तीन-चार घरांच्या अडचणी निवारून येतात. पैसा वाढला थोडासाच, फिरला मात्र खूप.

नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि हिशेबाची वही, ही गटाची पंचसूत्री गावोगावच्या बायकांना पाठ असते. तारण म्हणून काही नाही. तारण असतो तो गोलात बसलेल्या अकरा जणींचा चेहरा. नाबार्डनं १९९२ मध्ये जेमतेम ५०० गट बँकांना जोडून प्रयोग सुरू केला होता, आज देशात अशा गटांची संख्या कोटीच्या घरात आहे. महाराष्ट्रात १९७५ मध्ये स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ आणि पुढं ‘उमेद’ अभियान यांनी हे काम सरकारी पातळीवर पसरवलं. पण सरकारी फलकाच्या मागं पहिली दोन वर्षं त्या पाड्यावर चालत जाऊन, रुसवेफुगवे मिटवून, वही लिहायला शिकवणारी एखादी कार्यकर्ती असतेच, आणि ती बहुधा एखाद्या स्थानिक संस्थेची असते.

गटात एक गोची मात्र आहे, आणि ती प्रचारपत्रकांत छापत नाहीत. गट पैसे एका घरातून दुसऱ्या घरात नेतो. एकीला नड असताना दुसरीला नसली तरच हे चालतं. पण श्रावणात सगळ्यांनाच नड असते! बारा जणी एकाच बैठकीत कर्ज मागतात आणि पेटी एकाच दिवशी रिकामी होते. विमा कंपन्यांना हा प्रश्न चांगला माहीत आहे. एका घराला आग लागली तर भरपाई देता येते, गाव जळालं तर कंपनीच बुडते. म्हणून गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ आणि त्यांना बँकेची जोड, ही उतरंड लागते, ज्यायोगे जिथं आवणी संपलेली नाही तिथला पैसा आवणी संपलेल्या पाड्यावर यावा. कातकऱ्यांच्या बाबतीत आणखी अडचण अशी, की सहा महिने पाडाच रिकामा असतो. नियमित बैठक घ्यायची कुणाशी?

या गोचीवर धान्य बँक हा फार देखणा उपाय आहे. शेजारच्या कर्जत तालुक्यात कशेळे इथल्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सनं आदिवासी गावांत अशा बँका उभ्या केल्या. ही बँक पैसे एका घरातून दुसऱ्या घरात नेत नाही, धान्य एका महिन्यातून दुसऱ्या महिन्यात नेते. सुगीला सगळ्यांनी थोडं थोडं भात गावच्या कणगीत टाकायचं, पावसाळ्यात लागेल त्यानं उचलायचं, पुढच्या सुगीला वाढीसह परत करायचं. जुन्या सावकारीत हेच व्यवहार सवाईनं किंवा दिढीनं चालत. मण नेला की सव्वा मण किंवा दीड मण घालायचा. वरकरणी हा धान्याला धान्याचाच हिशेब. पण सावकार भात द्यायचा आषाढात, जेव्हा ते सगळ्यात महाग. आणि परत घ्यायचा मार्गशीर्षात, जेव्हा ते सगळ्यात स्वस्त. ज्याला पावसाळ्यात पोटाला हवं त्याला भावाशी घेणंदेणं नसतं, आणि सावकाराचा दुसरा नफा नेमका तिथं लपलेला असायचा. धान्य बँकेत वाढ द्यावी लागली तरी ती गावाच्याच कणगीत राहते आणि पुढच्या आषाढात त्याच माणसाच्या उपयोगी पडते.

उपासमारीचे महिने सरकारला ठाऊक नव्हते असं नाही. आदिवासी विकास महामंडळामार्फत १९७८ पासून खावटी कर्ज दिलं जात होतं, ते याच पावसाळी दिवसांसाठी. २०२० मध्ये टाळेबंदीनंतर कर्जाऐवजी कुटुंबामागं ४,००० रुपयांचं अनुदान ठरलं, निम्मं रोख आणि निम्मं किराण्यात. निर्णय सप्टेंबरचा. तो किराणा घराघरांत पोचायला २०२१ उजाडलं. रक्कम बरोबर होती, महिना चुकला.

शहापूरच्या गुळवेलीची कथा याच टाळेबंदीतली. तिथल्या काही कातकरी तरुणांनी, दहा-बारा मित्रांनी, आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्था या नावानं गुळवेल गोळा करून विकायला सुरुवात केली होती. गुळवेल मुळात अजब वनस्पती. बुंधा तोडला तरी झाडावर लोंबणारा वरचा वेल मरत नाही, तो बारीक दोऱ्यांसारखी मुळं खाली सोडतो आणि पुन्हा जमीन गाठतो. पुढं केंद्र सरकारच्या वन धन योजनेतून या तरुणांचं वन धन केंद्र झालं. या योजनेत वीस-वीस जणांचे पंधरा गट मिळून तीनशे लोकांचं एक केंद्र असतं आणि त्याला १५ लाखांपर्यंत निधी मिळतो. करोनाच्या काळात काढ्याचं वेड पसरलं, गुळवेलीला मागणी आली, आणि २०२१ मध्ये केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयानं जाहीर केलं की शहापूरच्या या गटाला डाबर, बैद्यनाथ, हिमालया यांसारख्या कंपन्यांकडून १ कोटी ५७ लाख रुपयांच्या मागण्या मिळाल्या आहेत.

कोटीचा आकडा ऐकून आपण तिथंच थांबतो. मला त्यातला १५ लाखांचा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. जंगलातून वेल तोडून आणणाऱ्या बाईला संध्याकाळी रोख हवी असते, कारण संध्याकाळी चूल पेटवायची असते. कंपनी मात्र माल पोचल्यावर, तपासल्यावर, बिल मंजूर झाल्यावर पैसे देते. या दोन टोकांमध्ये आजवर व्यापारी उभा होता. तो पडेल भावानं घेतो हे सगळ्यांना कळतं, पण तो त्याच दिवशी पैसे टेकवतो, ही त्याची खरी सेवा. वन धन केंद्राच्या हाती खेळतं भांडवल आलं की तीच सेवा केंद्र देऊ शकतं, आणि मधला फायदा तीनशे घरांत राहतो. पहाटेच्या कसारा लोकलनं शेवळं, कुरडू, भारंगीच्या पाट्या घेऊन कल्याण-ठाण्याला उतरणाऱ्या बायका हेच काम कुठल्याही योजनेशिवाय करतात. पावसाच्या पहिल्या सरींनंतर येणाऱ्या त्या शेवळांच्या जुड्या म्हणजे आवणीच्याही आधी हातात पडणारी रोकड. पण त्यासाठी जंगलात शिरायचा हक्क लागतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर गावाची मालकी मान्य केली. मुरबाडमध्ये श्रमिक मुक्ती संघटना आणि वननिकेतन वनहक्कांच्या कामात आहेत. नकाशे, पंचनामे, ग्रामसभेचे ठराव असं ते रटाळ काम. फोटोत चांगलं दिसत नाही, त्यामुळे देणगीदारांना भुरळ पडत नाही. सीमारेषाही विचित्र आहेत. १९८५ च्या आदेशानुसार शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्र आहे, मुरबाडची मात्र ७७ गावं. त्यामुळे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना पेसा कायद्यानं दिलेले अधिकार एका गावाला आहेत आणि लागून असलेल्या दुसऱ्या गावाला नाहीत, असं घडू शकतं.

आणि जिथं अंतर भरून काढून भागत नाही, तिथं गाठच कापावी लागते. वसईतून सुरू झालेल्या विधायक संसद आणि श्रमजीवी संघटनेनं १९८० च्या दशकापासून वेठबिगारांच्या मुक्तीचं काम केलं, पुढं ते ठाणे जिल्ह्यात पसरलं. त्यांचे संस्थापक विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना १९९९ मध्ये लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलचा पुरस्कार मिळाला. या कामातलं त्यांच्या हातातलं हत्यार म्हणजे १९७६ चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा. तो एकदा नीट वाचावा. वेठबिगारीचं कर्ज कायद्यानं आपोआप बुडालेलं असतं. आणि मजूर म्हणाला की हे वेठबिगारीचं कर्ज आहे, तर ते तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कायदा सावकारावर टाकतो! कागद ज्याच्याकडे त्याचंच खरं मानणाऱ्या आपल्या व्यवहारात हे एक वाक्य केवढी उलथापालथ करतं. प्रत्येक भट्टीवाला वेठबिगारी करतो असं अर्थातच नाही. पण उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जायचं नाही, आणि मजुरी किमान वेतनाहून कमी, असं दोन्ही असेल तर तो व्यवहार साधा राहत नाही. मुक्तीचं प्रमाणपत्र मिळाल्यावर २०१६ च्या योजनेनुसार प्रौढ पुरुषाला एक लाख, स्त्रिया व मुलांना दोन लाख आणि अतिशोषणाच्या प्रकरणांत तीन लाखांपर्यंत पुनर्वसनाची रक्कम आहे. तिचा मोठा भाग मात्र खटल्याच्या निकालाला बांधलेला.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावच्या आजीबाईंच्या शाळेबद्दल तुम्ही वाचलेलं असेल. ८ मार्च २०१६ ला, जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकारानं आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या मदतीनं ती सुरू झाली. साठी ते नव्वदीतल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी शाळेत येऊ लागल्या. जगभरच्या कॅमेऱ्यांना ते चित्र आवडलं, आणि आवडावं असंच आहे. पण शहापूर-मुरबाडच्या अर्थकारणाशी तिचा संबंध येतो तो सहीमुळे. बँकेत अंगठा उठवणाऱ्या बाईला सही यायला लागणं हा मानाचा भाग आहेच, शिवाय पासबुकातला आकडा स्वतः वाचता येणं ही चोरीला आळा घालणारी गोष्ट आहे. नशीब असं, की आज्या सही शिकत होत्या त्याच काळात बँकव्यवहार पुन्हा अंगठ्यावर आला. बँक मित्राच्या यंत्रावर आधारशी जोडलेला ठसा लागतो, आणि मातीत, विटांत, आवणीच्या चिखलात झिजलेली बोटं यंत्राला पुष्कळदा ओळखू येत नाहीत. खात्यात पैसे, समोर यंत्र, आणि ठसा जुळत नाही. पाड्यावरच्या कार्यकर्त्याचे कितीतरी तास आज यातच जातात. आधार दुरुस्त कर, बोटं बदलून बघ, जातीच्या दाखल्यासाठी तहसीलला जा. पण योजनेचा हप्ता भाद्रपदात निघणार की दिवाळीनंतर, हे अशा खेपांवर ठरतं.

उरला प्रश्न संस्थांच्या स्वतःच्या पैशाचा. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावलं, आणि मुंबईच्या इतक्या जवळ असल्यानं या तालुक्यांकडे त्यातला काही वाटा वळतो. पण कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. निधी खर्ची घालायची घाई असते जानेवारी ते मार्च. शिलाई मशीनची शिबिरं, आरोग्य तपासण्या, आर्थिक साक्षरतेचे वर्ग, सगळं त्याच तीन महिन्यांत उरकतं. तेव्हा कातकरी माणसं भट्टीवर असतात आणि पाड्यावर म्हातारी, कुत्री आणि कुलपं. नवं आर्थिक वर्ष सुरू होऊन प्रस्ताव, मंजुरी, करार होईपर्यंत पावसाळा अर्धा सरतो, आणि शेठचा माणूस त्याआधीच येऊन गेलेला असतो. देणगी देणाऱ्यानं संस्थेला किती कुटुंबांपर्यंत पोचलात हे जरूर विचारावं. त्याआधी कुठल्या महिन्यात पोचलात हे विचारावं, आणि एक हप्ता जुलैत वापरायला मोकळा ठेवावा.